रॅटवरचा मधुमेहाचा अभ्यास: आयएईसीच्या अर्जापासून पिवळ्या पिशवीपर्यंत

‘अमुक वनस्पतीच्या अर्काचा स्ट्रेप्टोझोटोसिनने मधुमेह केलेल्या विस्टार रॅटवरील परिणाम.’ एमडी फार्माकॉलॉजी आणि एम.फार्म.च्या ग्रंथालयांत या साच्याचे थीसिस कपाटभर सापडतात. (विस्टार ही प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या रॅटची एक जात.) इथे मुद्दाम तेच उदाहरण घेतले आहे. यात प्राण्याला आपण स्वतःच्या हाताने आजारी पाडतो आणि चार आठवडे तसेच ठेवतो. त्यामुळे मंजुरी एकीकडे आणि निगा दुसरीकडे अशी विभागणी करताच येत नाही. अर्जातला प्रत्येक आकडा पिंजऱ्यात कुठल्या ना कुठल्या रॅटच्या वाट्याला येतो.

हिशेबासाठी आराखडा असा धरू: पाच गट (निरोगी नियंत्रण, मधुमेही नियंत्रण, मानक औषध, अर्काचा कमी डोस, अर्काचा जास्त डोस), २८ दिवस औषध, आणि सुमारे २५० ग्रॅमचे नर विस्टार रॅट.

अर्जाला हात लावण्यापूर्वी

सगळ्याचे मूळ १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात आहे. त्याच्या कलम १५ खाली केंद्र सरकारची समिती आहे आणि प्रयोगांसाठी १९९८ चे नियम आहेत, त्यात २००१ आणि २००६ मध्ये दुरुस्त्या झाल्या. या समितीला वर्षानुवर्षे सीपीसीएसईए म्हणत. आता नाव सीसीएसईए आहे. जुन्या फायली, जुने शिक्के आणि जुने गाइड अजून पहिलेच नाव वापरतात, त्यामुळे गोंधळू नका. नव्या अर्जावर मात्र नवे नाव घाला.

पहिले काम म्हणजे आपल्या संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र डोळ्यांनी पाहणे. त्यावर तीन गोष्टी बघायच्या: मुदत संपलेली नाही ना, नोंदणी संशोधनासाठी आहे ना, आणि तुम्हाला हवी ती प्राण्याची जात तिथे ठेवता येते ना. मुदत संपलेली असेल तर संस्थेच्या नीतिसमितीने (आयएईसीने) दिलेली मंजुरीही लंगडी ठरते, आणि हे बहुधा जर्नलच्या संपादकाने प्रश्न विचारल्यावर कळते.

आयएईसी म्हणजे संस्थेची प्राणी नीतिसमिती. तिच्यात आठ जण असतात. पाच संस्थेतले: एक जीवशास्त्रज्ञ, वेगवेगळ्या जैविक शाखांतले दोन शास्त्रज्ञ, एक पशुवैद्यक आणि ॲनिमल हाउसचा प्रमुख. तीन जण केंद्रीय समितीने नेमलेले: बाहेरच्या संस्थेतला एक शास्त्रज्ञ, विज्ञानाबाहेरचा पण सामाजिक भान असलेला एक सदस्य, आणि समितीचा मुख्य नॉमिनी. मुख्य नॉमिनी किंवा त्याच्या गैरहजेरीत लिंक नॉमिनी आल्याशिवाय बैठक होत नाही. त्यामुळे तारखा नॉमिनीच्या सोयीने पडतात आणि कित्येक संस्थांत वर्षातून मोजक्याच बैठका होतात. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे सिनॉप्सिस (अभ्यासाचा आराखडा) पाठवायची तारीख जवळ आल्यावर ‘पुढची बैठक कधी?’ असे विचारू नका. आधी बैठकीची तारीख मिळवा आणि तिथून मागे मोजत या.

रॅट, माऊस, गिनीपिग, ससा अशा लहान प्राण्यांना आयएईसी स्वतः मंजुरी देते. कुत्रा, माकड, डुक्कर, शेळी-मेंढी अशा मोठ्या प्राण्यांसाठी आयएईसी फक्त शिफारस करते. प्रस्ताव दिल्लीला केंद्रीय समितीकडे जातो. थीसिसच्या वेळापत्रकात तो सहसा बसत नाही.

एक बारीक पण नेहमीची चूक. मराठीत माऊस आणि रॅट दोघेही ‘उंदीर’च, आणि ती सवय अर्जात उतरते. शीर्षकात रॅट, पद्धतीत माइस आणि डोसचा हिशेब २५ ग्रॅमचा, असे अर्ज खरोखर येतात. माऊस साधारण २५ ग्रॅमचा आणि रॅट त्याच्या दहापट. एका ओळीतल्या चुकीने दिलेला डोस दहापट चुकतो.

आधी मॉडेल तपासा, मग संख्या

‘रिप्लेसमेंट’च्या (प्राण्याऐवजी दुसरे काही चालेल का, या) रकान्यात ‘पर्याय उपलब्ध नाही’ एवढेच लिहिले की समितीचा अर्धा विश्वास तिथेच जातो. पर्याय आहेत. अर्क अल्फा-ग्लुकोसायडेजला (आतड्यात पिष्टाची साखर करणाऱ्या विकराला) रोखतो का हे परीक्षानळीत कळते. इन्सुलिन स्रवणाऱ्या पेशींच्या तयार वाणांवर पुष्कळ प्राथमिक काम होते. ते आधी करा, त्याचा निकाल अर्जाला जोडा आणि पुढचा प्रश्न पेशीत का सुटत नाही ते दोन-तीन वाक्यांत सांगा. उदाहरणार्थ, अर्काचे आतड्यातून शोषण, यकृतात होणारी उलथापालथ आणि रक्तशर्करेवरचा परिणाम हे सगळे एकत्र फक्त अख्ख्या शरीरातच दिसते. नळीत काहीच दिसले नसेल तर रॅटपर्यंत जाऊच नका.

मॉडेलची चूक त्याहून महाग पडते. एका मोठ्या डोसच्या स्ट्रेप्टोझोटोसिनने स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी नष्ट होतात. हे चित्र टाइप १ च्या जवळचे आहे. तरी शीर्षकात ‘टाइप २’ आणि मानक औषध म्हणून ग्लिबेनक्लामाइड ठेवलेले अर्ज सर्रास दिसतात. ग्लिबेनक्लामाइड बीटा पेशींकडून इन्सुलिन काढून घेते. पेशीच नसतील तर ते काढणार कुठून? टाइप २ बद्दल काही म्हणायचे असेल तर आधी चरबीयुक्त आहार आणि मग स्ट्रेप्टोझोटोसिनचा लहान डोस, किंवा निकोटिनामाइडसोबत स्ट्रेप्टोझोटोसिन, असे मॉडेल घ्यावे लागते. मॉडेल चुकले तर निगा कितीही चांगली राखा, ते सगळे रॅट फुकट गेले.

आता संख्या. ‘प्रत्येक गटात सहा’ ही रूढी आहे, कारण नव्हे. आधीच्या अभ्यासांतून सरासरी आणि प्रमाण विचलन मिळत असेल तर पॉवरचा हिशेब करा आणि त्यातले चारही आकडे लिहा: अपेक्षित फरक, विचलन, अल्फा (नसलेला फरक दिसण्याची किती शक्यता चालेल), पॉवर (खरा फरक सापडण्याची शक्यता). ती माहिती मिळतच नसेल तर रिसोर्स इक्वेशन चालते: ई = एकूण प्राणी वजा एकूण गट, आणि ई १० ते २० च्या दरम्यान हवा. पाच गटांत सहा-सहा घेतले तर ३० − ५ = २५, म्हणजे जास्त. पाच-पाच घेतले तर २५ − ५ = २०, बरोबर काठावर.

पण स्ट्रेप्टोझोटोसिन दिलेले सगळेच रॅट मधुमेही होत नाहीत आणि काही दगावतात. ही गळती सर्व गटांना सरसकट लावायची नाही. निरोगी नियंत्रण गटाला ते औषध मिळतच नाही. उरलेल्या चार गटांना मिळून २० मधुमेही रॅट लागतात. तुमच्या प्रयोगशाळेच्या आधीच्या नोंदींत गळती २० टक्के असेल तर २० भागिले ०.८ म्हणजे २५ रॅटना इंजेक्शन द्यावे लागेल. त्यात निरोगी पाच मिळवा: एकूण ३०. आकडा रूढीतला ३० च आला, पण आता त्याला हिशेब आहे आणि समिती तोच विचारते. गळती कमी झाली आणि पंचविसातले बावीस मधुमेही झाले तर जादा दोघांचे काय करणार, हेही आताच लिहा.

फॉर्म बी भरताना

फॉर्म ए नोंदणीचा, फॉर्म बी प्रयोगाच्या परवानगीचा, फॉर्म सी आणला वा पैदा केलेला प्राणी नोंदवायचा आणि फॉर्म डी प्रयोगात वापरलेल्या प्राण्यांचा. संशोधकाचा मुख्य संबंध बी आणि डीशी.

फॉर्म बीमध्ये सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते ‘मार्गदर्शक तत्त्वांनुसार’ या शब्दांवर. कुठल्या तत्त्वानुसार, किती, कुठून, कोण? खालच्या पाच जागी आकडा किंवा नाव नसेल तर अर्ज परत येणार असे धरून चाला.

- इंजेक्शन आणि तोंडावाटे डोस: मिग्रॅ प्रति किलो, द्रावणाची तीव्रता, मिली प्रति किलो, सुईचा गेज (जाडी). रॅटला तोंडावाटे १० मिली प्रति किलोपर्यंत ठीक, म्हणजे २५० ग्रॅमला २.५ मिली. त्याच्या निम्मे देता आले तर उत्तम.
- रक्त: कुठून, किती, किती वेळा. रॅटच्या शरीरात किलोमागे सुमारे ६४ मिली रक्त असते. २५० ग्रॅमच्या रॅटमध्ये १६ मिली. एका वेळी १० टक्के, म्हणजे १.६ मिली काढले तर पुढचे दोन आठवडे पुन्हा तेवढे काढायचे नाही.
- भूल आणि वेदनाशमन: औषध, डोस, मार्ग, परिणाम किती वेळ टिकतो.
- थांबण्याची वेळ: कुठल्या खुणा दिसल्यावर प्राणी प्रयोगातून बाहेर काढणार आणि तो निर्णय कोण घेणार.
- शेवट: दयामृत्यूची पद्धत, मृत्यूची खात्री, शवाची विल्हेवाट.

रक्ताच्या बाबतीत जुन्या थीसिसची नक्कल घातक ठरते. त्यांत दर आठवड्याला डोळ्यामागच्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून एक मिली रक्त काढलेले असते, तेही कधी भुलीविना. रक्तशर्करेसाठी शेपटीच्या टोकाचा एक थेंब आणि ग्लुकोमीटर पुरे आहे. बाकीच्या तपासण्यांसाठी शेवटच्या दिवशी खोल भुलीत हृदयातून एकदाच रक्त घ्या. सात-आठ मिली सहज मिळते.

तीव्र विषारीपणाच्या चाचणीत अजूनही कुणी ‘एलडी ५०’ (निम्मे प्राणी मरतील तो डोस) काढतो असे लिहिले तर ते खोडा. ती जुनी चाचणी, ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची क्रमांक ४०१, २००२ मध्येच रद्द झाली. तिच्याऐवजी वापरतात त्या चाचण्यांपैकी ४२३ मध्ये एका टप्प्याला एकाच लिंगाचे तीन प्राणी लागतात आणि डोस ५, ५०, ३०० आणि २००० मिग्रॅ प्रति किलो असे ठरलेले आहेत. याच अर्कावर ती चाचणी आधी प्रसिद्ध झाली असेल तर पुन्हा करू नका, तिचा हवाला द्या.

बैठकीत विज्ञानाबाहेरच्या सदस्याला हलक्यात घेऊ नका. रात्री रॅट आजारी पडला तर कुणाला कळेल, हा प्रश्न बहुधा तिकडूनच येतो आणि त्यावर भले भले गडबडतात. मंजुरी मिळाल्यावर तिचा क्रमांक आणि मंजूर संख्या पत्रावर तपासून घ्या. नंतर डोस, दिवस, गट किंवा रक्ताची जागा, काहीही बदलायचे झाले तरी आधी दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो. मागाहून मंजुरी मिळत नाही.

रॅट येण्याआधी ॲनिमल हाउस

खोलीचे तापमान १८ ते २९ °से. आणि आर्द्रता ३० ते ७० टक्के असावी असे भारतीय मार्गदर्शक सांगतात. रॅटसाठी २२ ते २४ च्या आसपास स्थिर ठेवणे श्रेयस्कर. रोज पाच अंश हलणाऱ्या खोलीतली रक्तशर्कराही हलते. हवा तासाला १२ ते १५ वेळा बदलावी. उजेड १२ तास आणि अंधार १२ तास, तोही टायमरवर. दार उघडे राहून रात्री कॉरिडॉरचा दिवा आत येत असेल तर तो अंधार नव्हे. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात वीज गेली की बंद खोली तासाभरात भट्टी होते, म्हणून एसी जनरेटरवर आहे की नाही ते आधी विचारा. कोकणात आणि मुंबईत जुलैमध्ये ७० टक्क्यांची मर्यादा एसीशिवाय पाळता येत नाही आणि खाद्याला बुरशी लागते. खाद्याच्या गोणी जमिनीपासून उंच आणि भिंतीपासून लांब ठेवा, आणि पिशवीवरची उत्पादनाची तारीख सहा महिन्यांच्या आतली असू द्या.

वेळापत्रक लावताना पंचांगही बघा. रॅटला माणसापेक्षा कितीतरी उंच, सुमारे ८० किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. विसर्जन मिरवणुकीचे डीजे किंवा दिवाळीचे फटाके खिडकीबाहेर वाजत असताना घेतलेली शर्करा ताणाची शर्करा असते. शिवाय दिवाळीत अटेंडंट रजेवर असतो, आणि मधुमेही रॅट एक दिवसही पाण्यावाचून काढू शकत नाही.

पिंजऱ्याचा हिशेब वजनावर चालतो. ३०० ग्रॅमपर्यंतच्या रॅटला १८७ चौ. सेंमी जागा लागते, ४०० ग्रॅमपर्यंतच्याला २५८. आतून ३८ × २४ सेंमीचा तळ म्हणजे ९१२ चौ. सेंमी. आज त्यात २५० ग्रॅमचे चार मावतात, पण निरोगी नर विस्टार महिनाभरात ३०० ग्रॅम ओलांडतो आणि मग तिथे तीनच बसतात. मधुमेही रॅट मात्र वाढत नाहीत. म्हणून पहिल्याच दिवसापासून सगळ्या गटांत तीन आणि दोन अशी विभागणी ठेवा. एकेकटा रॅट ठेवू नका. हा सोबतीने राहणारा प्राणी आहे आणि एकटेपणाचा ताण मोजमापात उतरतो.

बिछान्याला निर्जंतुक केलेले भाताचे तूस किंवा मक्याच्या कणसाचा भुसा वापरा. पाइन आणि देवदार जातीच्या लाकडाचा भुसा नको. त्यातल्या सुगंधी द्रव्यांनी यकृतातली विकरे वाढतात आणि औषध लवकर फुटते. असा निकाल अर्काचा नसून भुशाचा असतो.

खाद्याचा अंदाज: रॅटला दिवसाला साधारण १५ ते २० ग्रॅम. तीस रॅट, ३८ दिवस (सवयीचे सात, मधुमेह होण्याचे तीन, औषधाचे अठ्ठावीस), म्हणजे १७ ते २३ किलो. मधुमेही रॅट खूप जास्त खातात, म्हणून ३५ ते ४० किलो मागवा. मध्येच खाद्याचा ब्रँड बदलण्यापेक्षा थोडे उरलेले बरे.

भुलीसाठी केटामाइन लागणार असेल तर त्याची मागणी मंजुरी मिळताच करा. ते शेड्यूल एक्समध्ये (कडक नियंत्रणाखालच्या औषधांच्या यादीत) आहे, साध्या चिठ्ठीवर मिळत नाही, आणि कुलूप-रजिस्टर लागते. ‘औषध मिळाले नाही म्हणून ईथर वापरले’ हे कारण चालत नाही. ईथर श्वासनलिकेला झोंबतो आणि त्याची वाफ स्फोटक असते. ईथर दिलेले शव साध्या फ्रिजमध्ये ठेवले तर फ्रिजसुद्धा फुटू शकतो.

पहिला आठवडा

रॅट नोंदणीकृत पैदासकाराकडूनच आणा. बिल, आरोग्य दाखला आणि जन्मतारीख सोबत हवी. आल्याबरोबर वजन करून फॉर्म सीमध्ये नोंद करा. नाक, डोळे, शेपूट, गुद या चार जागा पशुवैद्यकाला दाखवा. मग किमान सात दिवस वेगळ्या खोलीत ठेवा. प्रवासाने घसरलेले वजन आणि बिघडलेली शर्करा पूर्ववत व्हायला तेवढे दिवस लागतात.

हे दिवस रिकामे घालवू नका. रोज पाच मिनिटे प्रत्येक रॅट हातात घ्या, टॉवेलवर बसवा, पोटाकडून धरायची सवय लावा. शेपटीच्या टोकाला धरून लोंबकळवू नका. कातडी सोलून निघते. सवय झालेला रॅट गॅव्हेजच्या (तोंडातून थेट जठरात सुई घालून औषध देण्याच्या) वेळी धडपडत नाही, आणि गॅव्हेजमधले बहुतेक मृत्यू धडपडीतच होतात. चावला तर जखम साबण-पाण्याने भरपूर धुवा, धनुर्वाताची लस तपासा आणि नोंद करा. सतत शिंका किंवा अंगावर गांधी उठत असतील तर ती बहुधा रॅटच्या मूत्रातल्या प्रथिनांची ॲलर्जी असते. मास्कशिवाय काम करत राहिलात तर ती दम्यापर्यंत जाते.

इंजेक्शनचा दिवस

सकाळपासून सहा ते आठ तास खाद्य काढून ठेवा, पाणी मात्र कधीच काढू नका. वजन घ्या. स्ट्रेप्टोझोटोसिन थंड ०.१ मोलर सायट्रेट बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात), पीएच ४.५ ला, विरघळवायचे असते. ते उजेडात आणि उदासीन पीएचला झपाट्याने मोडते. म्हणून एकदम पंचवीस रॅटांचे द्रावण करू नका. सहा-सहा रॅटांसाठी वेगळ्या कुप्या आधी तोलून बर्फात, फॉइलमध्ये गुंडाळून ठेवा. ५५ मिग्रॅ प्रति किलो आणि २ मिली प्रति किलो धरले तर द्रावण २७.५ मिग्रॅ प्रति मिली हवे. सहा रॅटांना ३ मिली लागते, सिरिंजमधली तूट धरून ११० मिग्रॅ ४ मिलीत विरघळवा. २५० ग्रॅमच्या रॅटला ०.५ मिली, पोटात. विरघळल्यापासून दहा-पंधरा मिनिटांत कुपी संपवा. शेवटच्या चार रॅटना मधुमेह ‘लागला’ नाही, तर बहुधा त्यांना मेलेले औषध मिळालेले असते. निरोगी गटाला तेवढाच नुसता बफर.

हे औषध कर्करोगजनक आहे. दोन जोड हातमोजे, ॲप्रन, मास्क घाला, आणि पुढचे दोन-तीन दिवस त्या पिंजऱ्यांचा बिछाना घातक कचरा समजून उचला. अटेंडंटला हे कुणी सांगत नाही. तुम्ही सांगा, आणि पिंजऱ्यावर पाटी लावा.

त्या रात्रीचा धोका वेगळाच असतो. फुटणाऱ्या बीटा पेशी साठलेले इन्सुलिन एकदम सोडतात आणि शर्करा कोसळते. सकाळी थंड पडलेले रॅट सापडतात ते याच कारणाने, आणि ही गळती टाळता येते. इंजेक्शननंतर लगेच खाद्य परत द्या आणि पिण्याच्या पाण्यात २४ ते ४८ तास ५ टक्के ग्लुकोज घाला. मंद, ओलसर, थरथरणारा रॅट दिसला तर तोंडात ग्लुकोज आणि खाली ऊब.

७२ तासांनी शेपटीच्या थेंबावर शर्करा बघा. २५० मिग्रॅ प्रति डेसिलीटरच्या वर असेल तर मधुमेही. गटवाटणी याच्यानंतर करा: शर्करेच्या चढत्या क्रमाने चार-चारचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यातून चिठ्ठ्या काढा. ‘जो हाताला लागला तो’ म्हणजे चिठ्ठी नव्हे. हाताला आधी नेहमी मंदावलेला रॅट लागतो.

रोजची फेरी

निरोगी २५० ग्रॅमचा रॅट दिवसाला २५ ते ३० मिली पाणी पितो. मधुमेही १०० मिलीच्या पुढे सहज जातो. तीन रॅटांच्या पिंजऱ्यावरची एक बाटली रात्रीतच रिकामी होते, आणि तहानेने सुकलेल्या रॅटची शर्करा आणखी चढते. दोन बाटल्या लावा आणि संध्याकाळी निघताना पुन्हा भरा. नळीच्या तोंडाला बोट लावून थेंब येतो का ते बघा; बुडबुडा अडकलेली भरलेली बाटली रिकामीसारखीच.

जे पितात ते बाहेरही पडते. निरोगी गटाचा बिछाना आठवड्यातून दोनदा बदलला तरी चालतो, मधुमेहींचा रोज. ओल्या तुसात पायांना फोड येतात आणि अमोनिया फुप्फुसात जातो. पिंजऱ्याजवळ तुमच्या डोळ्यांना झोंबले तर तिथे चोवीस तास राहणाऱ्याचे काय होत असेल ते ओळखा.

गॅव्हेजला टोकाला गोळी असलेली १६ ते १८ गेजची सुई घ्या. तोंडापासून शेवटच्या बरगडीपर्यंत लांबी बाहेरून मोजा आणि खूण करा. सुई स्वतःच्या वजनाने आत सरकली पाहिजे. ढकलावी लागली तर थांबा. नाकातून फेस आला किंवा रॅटने आचका दिला तर द्रव श्वासनलिकेत गेला आहे, दुसऱ्यांदा प्रयत्न करायचा नाही. उपाशीपोटी शर्करेसाठी रात्रभर उपाशी ठेवू नका. रॅट रात्री खातो, त्यामुळे त्याची रात्र म्हणजे आपला अख्खा दिवस. सकाळचे सहा तास पुरे.

तक्त्यावर रोज लिहायच्या गोष्टी: वजन, केसांची चमक, पाठीचा बाक, हालचाल, डोळे. नाका-डोळ्यांभोवती लालसर थर दिसला तर ते रक्त नव्हे. ताणाखाली डोळ्यामागच्या ग्रंथीतून पोर्फिरिन पाझरते. वेदना चेहऱ्यावरही वाचता येते: मिटत चाललेले डोळे, सपाट झालेले नाक-गाल, मागे वळलेले कान, ताठरलेल्या मिशा. वजनाच्या पायऱ्या अर्जातच ठरवा. सुरुवातीच्या वजनात १० टक्के घट झाली तर दिवसातून दोनदा पाहणी, १५ टक्क्यांना पशुवैद्यकाला फोन, २० टक्क्यांना त्या रॅटचा प्रयोग संपला. ग्लुकोमीटर ‘हाय’ दाखवू लागला आणि रॅट निपचित असेल तर वजनाची वाट बघू नका. हा निर्णय पशुवैद्यकाच्या हाती असू द्या. ‘अजून सहाच दिवस राहिलेत’ असे म्हणणारा माणूस निर्णयाला योग्य नसतो. पशुवैद्यकाचा नंबर दारावर चिकटवा, रविवारचा सुद्धा.

शेवटचा दिवस

शर्करा भूल देण्याआधी मोजा. भुलीसाठी केटामाइनसोबत देतात ते झायलाझिन इन्सुलिनचा स्राव दाबते आणि शर्करा चढवते. केटामाइन-झायलाझिननंतर घेतलेल्या आकड्यात निरोगी गटही मधुमेही दिसतो, आणि अख्ख्या अभ्यासाचा निकाल शेवटच्या तासात बिघडतो.

रक्त हवे असेल तर केटामाइन ७५ ते १०० आणि झायलाझिन ५ ते १० मिग्रॅ प्रति किलो पोटात द्या. मधुमेही, खंगलेल्या रॅटना कमी मर्यादेपासून सुरुवात करा. पायाचा चिमटा घेऊन प्रतिक्षेप गेल्याची खात्री करा, मगच हृदयात सुई. डोळे उघडे राहतात म्हणून रॅट जागा आहे असे नाही, आणि हलत नाही म्हणून झोपला आहे असेही नाही.

रक्त नको असेल तर सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड, फ्लोमीटरसह. पेटीच्या आकारमानाच्या ३० ते ७० टक्के प्रति मिनिट हा वेग. ५० × ३० × ३० सेंमीची पेटी ४५ लिटरची, म्हणजे मिनिटाला १३.५ ते ३१.५ लिटर. आधीच भरलेल्या पेटीत रॅट टाकणे निषिद्ध. नाक-डोळ्यांत वायू आम्लासारखा झोंबतो. श्वास थांबल्यावर छाती उघडून मृत्यूची खात्री करा. जाग्या रॅटची मान मोडणे २०० ग्रॅमच्या वर करू नये. आणि हे सगळे बाकीच्या रॅटांपासून लांब, वेगळ्या खोलीत.

शवे पिवळ्या पिशवीत जातात. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार ती प्रक्रियेविना ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाहीत, म्हणून कचरा नेणाऱ्या गाडीचा वार आधी विचारा आणि शेवटचा दिवस त्याच्या आदल्या दिवशी धरा.

मग फॉर्म डी. आणलेले ३०, मधुमेह न झालेले अमुक, पहिल्या रात्री दगावलेले अमुक, वजनाच्या पायरीवर काढलेले अमुक, विश्लेषणात घेतलेले अमुक. प्रत्येकासमोर तारीख आणि कारण लिहा. थीसिसच्या तक्त्यात ‘प्रत्येकी पाच’ आणि रजिस्टरमध्ये चार असेल तर थीसिस दुरुस्त करा, रजिस्टर नव्हे. समितीला समाप्तीचे पत्र देताना हाच हिशेब जोडा. पुढच्या विद्यार्थ्याला गळतीचा आकडा यातूनच मिळेल.